एका अक्षराचा दादा

“दमलो,” असं म्हणत चिमीने सायकल भिंतीला टेकवली आणि लॉजवाली बाई हातातला झाडू तसाच धरून तिच्याकडे बघत राहिली.

चिमी म्हणजे काही परकरी पोर नव्हे. अठ्ठेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी, कानांजवळ पांढरी झालेली बाई. शेंडेफळाला घरात एकदा नाव चिकटलं की केस पिकले तरी सुटत नाही, एवढंच. पण या वयाच्या बाईने खणखणीत आवाजात ‘दमलो’ म्हणावं आणि तिचं तिला कळूही नये, हे काही बरं लक्षण नव्हतं.

“साहेब मागून येतायत का?” लॉजवालीने विचारलं. “नाही, मेसेज त्यांचा होता. ‘संध्याकाळपर्यंत पोचतो, खोली ठेवा’ म्हणून.”

“तो मीच केला होता. एकटीच आहे.”

“अस्सं.” बाईने रजिस्टर उघडलं, ‘पुरुष’ खोडून ‘स्त्री’ लिहिलं आणि किल्ली दिली. तरीही आत वळण्याआधी तिने रस्त्याकडे एकदा वाकून पाहिलंच. गेल्या चाळीस दिवसांत सगळ्याच लॉजवाल्यांनी असं पाहिलं होतं. चिमीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. भीती वाटायची ती याची, की आताशा त्यांच्याबरोबर तीही वळून बघायला लागली होती.

खोलीत लोखंडी खाट, एक बादली आणि भिंतीतून सुटत आलेला प्लग. तिने खिडकीच्या कट्ट्यावर दोन फोन ठेवले. एक तिचा, दुसरा कोपऱ्यात तडा गेलेला, दादाचा. दादाच्या फोनवरून तिने आईला लिहिलं, ‘पोचलो.’ मग स्वतःच्या फोनवरून लिहिलं, ‘बरी आहे.’ आणि बूट न काढता खाटेवर बसली. दादाला जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते, आणि उद्या दादा घरी पोचणार होता.

दादा हा तिचा थोरला भाऊ. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये मेकॅनिक. नोकरी सोडली तेव्हा आईला म्हणाला, “जन्मभर किनारा समुद्रातून पाहिला, आता समुद्र किनाऱ्यावरून बघतो.” निघाला मग सायकलवर, एकटाच, देशाच्या वरच्या टोकापासून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली, थेट बंदराच्या गावी आईच्या घरापर्यंत. त्रेचाळीस टप्पे पाडले होते. प्रत्येक टप्प्याचं एक जाड कार्ड, त्यावर त्याच्या बारीक अक्षरात सूचना. तिसऱ्या टप्प्याच्या लॉजमध्ये तो सकाळी उठलाच नाही. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

फोन चिमीला आला. दादाच्या पाकिटात एक चिठ्ठी सापडली होती. ‘अडचण आल्यास’, खाली चिमीचा नंबर, आणि नावाच्या जागी नुसतं ‘बहीण’. नऊ वर्षं जो भाऊ तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, त्याने तिचा नंबर जवळ बाळगला होता. मायेने, की दुसरं कुणी नव्हतंच म्हणून? आई बहिरी, फोन ऐकू येत नाही. मग लिहिणार तरी कुणाचा? चिमी हा प्रश्न बरोबर घेऊनच पायडल मारत होती आणि त्याचं उत्तर तिला कुठल्याच गावात मिळालं नव्हतं.

तो फोन आला तेव्हा ती आईजवळच होती. आदल्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “सहा आठवडे वाकायचं नाही, चोळायचं नाही आणि रडायचं तर अजिबात नाही. टाके उसवले तर डोळा गेला समजा.” दुसरा डोळा तसा कामचलाऊच. चिमीने “मला कामावरून बोलावणं आलंय” असं सांगितलं, आईला शेजारणीच्या हवाली केलं आणि बस पकडली. तिकडे सगळं एकटीने उरकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याचं सामान भरत होती तेव्हा त्याचा फोन थरथरला. फोनला कुलूप घालायची त्याला सवयच नव्हती. आईचा मेसेज होता, ‘पोचलास?’

चिमीने उत्तर दिलं, ‘पोचलो.’

बस्स, एवढंच. मेलेल्या माणसाला उभं करायला तिला ‘लो’ एवढं एक अक्षर पुरलं. त्यालाही कारण आईच. आई तीस वर्षं तार ऑफिसात होती. तारेत प्रत्येक शब्द मोजला जायचा, म्हणून घरातही कुणी वायफळ लिहिलेलं तिला खपत नसे. शाळेच्या सहलीहून पोरांनी ‘मी सुखरूप पोचलो’ असं लिहिलं, की घरी आल्यावर बोलणी बसत. “‘मी’ कशाला? क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला असतोच तो. आणि पोचलास म्हणजे सुखरूपच की!” तेव्हापासून या घरात कुणी कुणाला पत्रात किंवा मेसेजमध्ये ‘मी’ लिहीत नसे. दादा ‘पोचलो’ लिहायचा, चिमी ‘पोचले’. आई आलेला मजकूर दोनदा वाचायची, एकदा डोळ्यांनी आणि एकदा बोट फिरवून. माणसं चेहऱ्यावरून ओळखतात, ती शेपटीवरून ओळखायची.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, ‘तिथला दिवा अजून चालू?’ किनाऱ्यावरची सगळी तार ऑफिसं तिला पाठ होती; कुठे दीपगृह, कुठे पूल, सगळं. चिमीला बसल्या जागी थापा मारता येत नाहीत. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दुसऱ्याच्या तोंडात शोभेल असं काही करणं हा तिचा धंदाच, पण त्यालाही आधी माप घ्यावं लागतं. न पाहिलेल्या दिव्याबद्दल लिहायचं कसं? आणि टप्पे चाळीस उरले होते. डॉक्टरांचे दिवसही साधारण तेवढेच. तिने लॅबमध्ये बिनपगारी रजा कळवली, सायकलची सीट चार बोटं खाली घेतली आणि निघाली. आईचा डोळा वाचवायचा, सहा आठवड्यांनी घरी पोचायचं आणि समोर बसून खरं सांगायचं, असं ठरलं होतं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! माणूस वेडेपणा करतो तेव्हा तो नेमका असाच मुद्देसूद असतो.

पहिले काही दिवस तिला फक्त मांड्या दुखल्याचं आठवतं. मग कार्डं बोलायला लागली. दादाने ती स्वतःसाठीच लिहिलेली, म्हणून ‘तू’ करून. ‘पाणी भरून घे, पुढे काही नाही.’ ‘चढावर उतरून चाल, लाजू नकोस.’ आणि समुद्रातून पाहिलेल्या गोष्टींबद्दल प्रश्न. ‘हा दिवा लांबून पिवळा दिसतो. जवळून बघ कसा आहे.’ चिमी थांबायची, बघायची आणि कार्डावर खाली लिहायची, ‘पांढराच आहे, मळलाय.’ मेलेल्या माणसाच्या प्रश्नांना उत्तरं देऊ नयेत. एकदा दिली की तो पुढचं विचारतो. बाराव्या टप्प्यापासून तिला साखळीच्या आवाजामागे दुसऱ्या साखळीचा आवाज यायला लागला, वीसेक हात मागे. ती थांबली की तोही थांबायचा. आधी तिने साखळीला तेल घातलं. मग कानात बोळे घातले. मग सवय झाली.

सवय झाली हे जास्त वाईट. ती मनातल्या मनात ‘जेवलो’, ‘झोपतो’, ‘विसरलो’ म्हणायला लागली. आरशात केस विंचरताना दादाची भांग पाडायची पद्धत हाताला यायची. बाविसाव्या टप्प्याला पाऊस लागला, एका शेडखाली ती कुडकुडत उभी होती, आणि घाईघाईत दादाच्या फोनवरून लिहून गेली, ‘पाऊस. थांबले.’

पाठवल्यावर लक्षात आलं. ‘थांबले’! ले! आईच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. पण आईचं उत्तर आलं, ‘बरं.’ पुढे काहीच नाही. डोळ्यामुळे नीट दिसलं नसेल, अशी चिमीने स्वतःची समजूत घातली.

तिसाव्या टप्प्याला आईने दादाला विचारलं, ‘चिमीवर अजून राग?’

या प्रश्नामागे नऊ वर्षं होती. बाबा गेले तेव्हा दादा भर समुद्रात होता. चिमी जहाजाच्या कंपनीला फोन लावायला उठली, तर आईने तिचा हात धरला. “नको कळवूस. तिथे एकटा काय करेल तो? किनाऱ्याला लागू दे, मग सांगू.” अकराव्या दिवशी जहाज बंदराला लागलं आणि दादाचा आनंदी आवाज आला, “चिमे, बाबांना विचार, चपला कितीच्या मापाच्या आणू?” तिने सांगितलं. फोनमध्ये खरखर होती. मग त्याने विचारलं, “हे कुणी ठरवलं?” आई समोर उभी होती. तिने दोन्ही हात छातीशी धरले होते आणि मान हलवत होती, नको, नको. चिमी म्हणाली, “मी.” दादा म्हणाला, “मग यापुढे तू मला काहीच कळवू नकोस.” त्याने शब्द पाळला. आईकडे यायचा, पण चिमी नसेल तेव्हा.

चिमीने आईचं नाव कधीच पुढे केलं नाही. आईनेही केलं नाही. या गोष्टीवर दोघी कधी बोलल्याही नाहीत. घरात एखादं न वापरायचं कपाट असतं, त्याला वळसा घालून जावं तशा वागत राहिल्या.

आणि आता आई विचारत होती, राग आहे का? चिमी एका नळाच्या ओट्यावर तासभर बसली. ‘आहे’ लिहावं तर आईच्या डोळ्याला पाणी. न लिहावं तर आई पुन्हा विचारणार. शेवटी तिने लिहिलं, ‘नाही.’ या शब्दाला ना लो, ना ले. कुणाचाही असू शकतो. आईने लगेच लिहिलं, ‘देव पावला.’ आणि चिमी तिथेच, रस्त्यावरच्या माणसांदेखत, हमसून हमसून रडली. स्वतःला हवी असलेली माफी तिने दादाच्या खिशातून काढून घेतली होती. त्या दिवसापासून मागचा आवाज आणखी जवळ आला.

तर आता बेचाळिसाव्या टप्प्याच्या लॉजमध्ये ती बूट घालून खाटेवर बसली होती आणि उद्या आईसमोर पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत होती. तेवढ्यात दादाचा फोन थरथरला. एरवी दोन शब्दांत आटपणाऱ्या आईने आज ओळीच्या ओळी लिहिल्या होत्या.

‘दोघांच्या गाद्या पुढच्या खोलीत घातल्या. लहानपणी जशा होत्या तशा. पोचल्यावर भांडू नका.’

चिमीला आधी अर्थच लागेना. मग एकदम लागला. आईच्या नजरेतून ‘थांबले’ सुटलं नव्हतंच. दादाच्या फोनवर चिमीची शेपटी. म्हणजे चिमी दादाबरोबर आहे. शेजारणीकडून लॅबमध्ये फोन करवला असणार, रजेवर आहे हे कळलं असणार. आणि एकदा दोघं बरोबर आहेत म्हटल्यावर सगळं बदललं. ‘पोचलो’, ‘निघालो’, ‘जेवलो’. या घरात ‘मी’ कुणी लिहीत नाही, तसं ‘आम्ही’ही लिहीत नाही. मी पोचलो, आम्ही पोचलो, शेपटी एकच! चिमी एकाचं लिहीत होती आणि आई गेले वीस दिवस दोघांचं वाचत होती. पोरं नऊ वर्षांनी बोलायला लागली, सायकली घेऊन जोडीने घरी येतायत. उद्या म्हातारीला मुलगा गेल्याचं सांगायचं नव्हतं फक्त. हे सगळं झालंच नव्हतं, असंही सांगायचं होतं.

सकाळी शेवटचं कार्ड काढलं. ‘त्रेचाळीस. इथून पुढे तुला सगळं माहीत आहे.’ बस्स, एवढंच. वारा पाठीवर होता, रस्ता सपाट, समुद्र उजवीकडे स्वच्छ. इतका सोपा दिवस आख्ख्या प्रवासात मिळाला नव्हता, आणि चिमीला एकेक मैल नकोसा झाला होता.

गाव वीस किलोमीटरवर राहिलं तेव्हा मागच्या चाकाची तार तुटली. रस्त्याकडेच्या सायकलवाल्याकडे नेली. म्हातारा, चष्म्याला दोरी बांधलेली. तार बदलून त्याने चाक फिरवून पाहिलं, मग सायकलवर एक नजर टाकून म्हणाला, “ताई, ही तुमची सायकल नाही.”

“भावाची आहे.”

“तरीच. सीट त्याच्या मापाची आहे. पाय पोचत नसतील तुमचे.”

“मी खाली घेतलीय ती. चार बोटं.”

“कुठे? ही बघा.” सीटखालच्या नळीवर जुन्या उंचीचा चरा होता, आणि पकड बरोबर त्या चऱ्यावर आवळलेली होती. “होती तिथेच आहे.”

“घसरली असेल.”

म्हातारा हसला. “घसरते ती खाली घसरते. आपणहून वर चढलेली सीट मी चाळीस वर्षांत पाहिली नाही. कुणी हात लावला होता का?”

“माझ्याशिवाय कुणी नाही.”

“मग तुम्हीच केली असेल वर. खाली घेऊ?”

चिमी आठवायला लागली. कधी? कुठल्या गावात? पान्याला हात लावल्याचंही तिला आठवेना. आठवलं ते एवढंच, की कितीतरी दिवस ती पायाची बोटं ताणून पायडल मारत होती आणि पोटऱ्या दुखतात म्हणून रोज तेल लावत होती. “राहू द्या,” ती म्हणाली. “आता थोडंच राहिलंय.”

गावाआधी फाटा लागतो. डावीकडचा रस्ता बसस्थानकाकडे, तिथून तिच्या गावाला गाड्या सुटतात. चिमी फाट्यावर थांबली. दादाचा फोन काढला आणि तिच्या अंगठ्याने लिहिलं, ‘जहाजावर पुन्हा बोलावणं. जातो. चिमी परत गेली.’

किती सोपं होतं! दादाला पुन्हा समुद्रावर धाडायचं. मग महिन्या-दोन महिन्यांनी एखादा ‘पोचलो’. आई चौऱ्याऐंशीची, तिच्या जन्माला पुरेल इतका दादा चिमीजवळ होता. गाद्या तशाच राहतील, समेट तसाच राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. अंगठा पाठवायच्या खुणेवर होता.

मागे साखळीचा आवाज थांबला. या वेळी वीस हातांवर नव्हे, अगदी खांद्याशी. आणि तिला तो आवाज स्पष्ट ऐकू आला, खरखरीतून आलेला, नऊ वर्षं जुना. हे कुणी ठरवलं?

वारा असेल, थकवा असेल, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. चिमी वळून बघायला घाबरली, एवढं खरं. तिने लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं आणि सायकल उजव्या रस्त्याला घातली.

आईचं घर बंदराच्या भिंतीलगत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीतून सगळा रस्ता दिसतो. आई खिडकीतच होती, काळा चष्मा लावून. चिमी दिसताच तिने दोन्ही हात वर करून हलवले. मग हात तसेच ठेवून तिने चिमीच्या मागे पाहिलं. रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. आणि बहिरी माणसं ओरडतात तशी, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, “तो किती मागे आहे गं?”

 हे असं खालून वर ओरडून सांगायचं? आई हसत होती. रस्त्याच्या टोकाला कुणी सायकलवाला वळला, तिने त्याच्याकडेही हात हलवला. ते चिमीला बघवेना. तिने दादाचा फोन काढला आणि या घरात कधीच कुणी लिहिला नव्हता तो शब्द आधी लिहिला, मग दुसरा. ‘मी पोचले.’

वरती आईने मेसेज उघडला. दुसरा चष्मा, मग भिंग. एकदा डोळ्यांनी वाचलं. मग बोट फिरवून. बोट पहिल्या शब्दावर थांबलं, दुसऱ्याच्या शेवटी थांबलं, आणि तिथेच राहिलं. मग आईने खिडकी लावून घेतली.

चिमी जिना चढली तेव्हा दार उघडंच होतं. आई भिंतीला धरून उभी होती. कानात मशीन घातलेलं. शिट्ट्या मारतं म्हणून हे मशीन ती एरवी कपाटात टाकून द्यायची. आज दोघांचं बोलणं ऐकायला घातलं होतं.

“कधी?” आईने विचारलं.

“तिसऱ्या टप्प्याला. झोपेत गेला.”

“माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी.”

“हो.”

“तू इथून निघालीस तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“जेवला होता?”

“हो. लॉजवाला म्हणाला, दोनदा मागून घेतलं.”

आई हळूहळू खुर्चीत बसली. चिमी तिच्या रडण्याची वाट बघत उभी राहिली, पण आई रडेना. “डोळ्याला आता चालतं, आई,” चिमी म्हणाली. “सहा आठवडे झाले.” बोलल्यावर तिला स्वतःचीच किळस आली.

“मला विचारायचं होतंस,” आई म्हणाली. “डोळा माझा होता.”

चिमीने दादाचा फोन खिशातून काढून आईजवळ ठेवला. 

“जायच्या आधी तुझ्याशी बोलला? एकदा तरी?”

“नाही.”

“मग ‘राग नाही’ म्हणाला, ते?”

“ते मी लिहिलं.”

आईने मान हलवली, ऑफिसात चुकीची तार परत करताना हलवायची तशी. मग तिने पुढच्या खोलीकडे पाहिलं. तिथे दोन गाद्या शेजारी शेजारी होत्या, धुतलेल्या चादरी, पायथ्याशी घडी केलेली पांघरुणं.

“मी सांगणार होते त्याला,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं समोर बसलात की सांगणार होते. नऊ वर्षं जीभ उचलली नाही माझी. तो आला की मनात यायचं, आज सांगू. मग वाटायचं, माझ्याशीही बोलायचा बंद झाला तर? तो ‘नाही’ वाचला आणि म्हटलं, आता सोपं झालं. आता ऐकून घेईल.”

“आई, राहू दे आता.”

“नाही, राहू कसं द्यायचं?” आई उठली. चिमीचा हात तिने घेतला नाही. भिंत धरून धरून ती पुढच्या खोलीत गेली, खिडकीजवळच्या गादीसमोर उभी राहिली, जिथे तो लहानपणी झोपायचा, आणि समोरच्याला नीट ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात म्हणाली, “अरे, ऐक. चिमीची चूक नव्हती. ती कळवायला उठली होती. मी तिचा हात धरला. नको कळवू म्हणणारी मी.”

मग ती थांबली. मान तिरकी करून, मशीनवाला कान गादीच्या बाजूला करून उभी राहिली. मशीनने बारीक शिट्टी मारली. चिमीच्या तोंडात त्याचं उत्तर तयार होतं, त्याच्या आवाजात, त्याच्या शेपटीचं. चाळीस दिवसांत ते आपसूक जिभेवर यायला शिकलं होतं. तिने दात घट्ट मिटले.

आईने वळून तिच्याकडे पाहिलं. नीट ऐकू आलं नाही की ती नेहमी चिमीलाच विचारायची, तसं तिने विचारलं, “काय म्हणतो?”

“काही म्हणत नाही, आई,” चिमी म्हणाली.